नामानं तिच्या नावाची अंघोळ केली तेव्हा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि नामाला — नामाला सांगायची तर कधी छातीच झाली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करतोय.

आमच्या गावात, न्हावऱ्यात, माझं नाव निघालं की लोक म्हणतात, यानं त्या वसंताचे दात पाडले. खरं आहे. पाडले. मुठीवर अजून वण आहे, आणि तो माणूस समोर आला की उरलेलेही पाडावेत असं अजून वाटतं. पण का पाडले, ते लोकांना माहीत नाही. माझ्याशिवाय एकालाच माहीत आहे — वसंताला.

त्या वेळी मी पंचविशीत होतो. रांजणगावच्या एमआयडीसीत फिटर, राहायला कारेगावात, एका खोलीत पाच जण. गुरुवारी सुट्टी. बाकीचे आपापल्या गावी जायचे, मी एसटी बदलत दौंड गाठायचो. सांगायचो, रेल्वेत भरती निघतीय का बघून येतो. खोटं. स्टेशनच्या मागच्या बोळात वसंताचं व्हिडिओ पार्लर होतं. बाहेर देवादिकांच्या सिनेमाचं पोस्टर, आत दुपारी बारानंतर बीपी — म्हणजे त्या घाणेरड्या फिल्मा. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, एवढंच त्या गावाचं मोल.

आधी महिन्यातून एकदा जायचो. मग दर गुरुवारी. मग कारखान्यातली पाळी बुडवूनसुद्धा. मशीनवर हात चालायचा, डोक्यात मात्र तेच. घरच्यांनी दोन स्थळं आणली, दोन्ही मोडली. बाईकडं बघितलं की मला बाई दिसायचीच नाही — कळतंय ना, काय म्हणतोय ते? वसंत मला नावानिशी ओळखायला लागला होता. "या, बाळासाहेब," म्हणायचा आणि पुढचं बाकडं फडक्यानं पुसून द्यायचा. मला ते बरं वाटायचं. कारखान्यात कोण मला साहेब म्हणत होतं?

नामा माझ्या वर्गातला, घराला घर लागून. आमचे आजे मेंढरं घेऊन एकत्र रानोमाळ फिरलेले. आमच्या बापांनी ऊस-कांदा धरला आणि आम्ही गावकरी झालो. नामाची थोरली बहीण शालन. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. नवऱ्यानं टाकलेली, म्हणून भावाकडं राहायची, गाया सांभाळायची. भावाला आपला भार नको, असं तिच्या मनानं घेतलं होतं. गावात एक माणूस यायला लागला — पुण्यात पॅकिंगचं काम हाय, ऱ्हायची सोय हाय, बाया लागत्यात. नामानं स्वतः तिला एसटीत बसवलं, खिडकीतून भडंगाचा पुडा दिला. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. दिलेल्या पत्त्यावर कारखाना नव्हता. त्या माणसाचं नावही खोटं निघालं.

पाच महिने गेले. मी वसंताच्या पुढच्या बाकड्यावर होतो. पडद्यावर एक बाई. तिचा चेहरा मी बघत नव्हतो — खरं सांगायचं तर चेहरा मी कुणाचाच बघत नसे. एकाएकी तिनं मान वळवली आणि कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी म्हणाली, "आवं, पाणी द्या की जरा. घसा वाळलाय."

आख्खं पार्लर हसलं. मीही हसलो. तो आवाज कुणाचा, हे कळायच्या आधी एवढासा वेळ मिळाला मला — आणि तेवढ्यात मी हसून घेतलं.

मग मला शालन दिसली.

उठून पडदा फाडला? वसंताची गचांडी धरली? पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर होती. मी मान खाली घालून बसून राहिलो. संपल्यावर सगळ्यांबरोबर बाहेर पडलो, उसाचा रस प्यालो, एसटी धरली. आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. मनाला सांगितलं, पत्ता काढायला चाललोय. वसंताला एक शब्द विचारला नाही. तीच फिल्म परत लागेल म्हणून गेलो होतो. हे वाक्य मी चार वेळा खोडलंय. आता राहू दे.

नामा वणवण हिंडत होता. एकदा कारेगावात खोलीवर आला, शालनच्या लग्नातला फोटो घेऊन. म्हणाला, "बाळू, तू दौंडला जातुस म्हनं. एवढी गाड्यांची जागा, सारी दुनिया तिथनं जाती. कुठं दिसली का रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

एकच शब्द. "व्हय" म्हणालो असतो, तर त्याचा पुढचा प्रश्न काय होता? कुठं दिसली. त्या प्रश्नाला मी घाबरलो. माझी इज्जत आणि एक जिती बाई — मी इज्जत निवडली.

गाव बोलायला लागलं. पळून गेली कुणाचा तरी हात धरून. चहाच्या टपरीवर माझ्यादेखत बोलायचे, मी कप ओठाला लावून ऐकायचो. खरं ठाऊक असलेला मी एकटा. शेवटी भावकीनं नामाला बसवलं — बहीण मेली असं समज आणि तिच्या नावानं अंघोळ कर, म्हंजी घरातल्या पोरींची लग्नं तरी व्हतील. नामा विहिरीवर गेला. दोस्त म्हणून मी बरोबर. घागर मी शेंदली. पाणी मी ओतलं. तो दगडावर उकिडवा बसून हुंदके देत होता, आणि मी त्याच्या डोक्यावर जित्या बहिणीच्या सुतकाचं पाणी ओतत होतो.

तिला मी नाही सोडवलं. त्या अंघोळीनंतर सव्वा वर्षानं पुण्यातल्या एका खोलीवर धाड पडली, त्यात ती सापडली. बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई गावात आल्या, नामाला म्हणाल्या, बहीण जिवंत आहे, घेऊन जाल का? नामा अनवाणीच निघाला. शालननं जबानीत सगळं सांगितलं. पॅकिंगच्या नावाखाली नेलं, कोंडलं, मारलं, विकलं, फिल्मा काढल्या. आणि कोंडून ठेवलेली पहिली जागा सांगितली — दौंड, स्टेशनमागं, व्हिडिओवाला वसंत.

त्या दिवशी माझ्या अंगात जे शिरलं, तो सूड होता. इतके दिवस जे पोटात सडत होतं, त्याला तोंड मिळालं. पोलिसांची गाडी निघायची होती. मी नामाला म्हणालो, तू त्यांना घेऊन ये, मी म्होरं जातो, पळंल त्यो. भर दुपारी बोळात शिरलो. वसंत दारातच होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, सगळं ताडलं आणि हसून हळूच म्हणाला, "मला काय डोळे दाखवतुस, बाळासाहेब? पुढच्या बाकड्यावर कोन बसायचं? तुमी बगताय म्हनून आमी आनतोय."

तेव्हा मी मारलं. तोंडावर. पुन्हा तोंडावरच. नामा येईपर्यंत त्याला शब्द बोलता येऊ नये, एवढ्यासाठी. शालनचं नाव माझ्या तोंडात होतं, मूठ मात्र माझ्यासाठी चालत होती.

कोर्टात तो माझ्याबद्दल बोलला नाही. बोलला असता तर आपण काय दाखवत होतो तेही कबूल करावं लागलं असतं. त्याला शिक्षा झाली. गावानं मला शाल-नारळ दिला. त्या दिवशी वसंताच्या दारात शालनला बुडवणारे दोन जण होते. एक जेलात गेला, दुसरा देवळापुढं फोटो काढायला उभा राहिला.

व्यसन सुटलं का? सुटलं, पण पश्चात्तापानं नाही. पश्चात्ताप मऊ असतो, दोन गुरुवारात विरघळला. माझं सुटलं ते रागानं. पाय दौंडकडं वळले की मी स्वतःला म्हणायचो, जा, अजून एका वसंताला पोस. दात-ओठ खाऊन खोलीवर पडून राहायचो. तीनदा घसरलो. मग सीड्या आल्या, मग मोबाईलच्या कार्डात त्याच फिल्मा भरून द्यायला लागले. दरवेळी तीच लढाई. पुढं त्या ताईंबरोबर कारखान्यांच्या गेटवर जायला लागलो. पोरांना सांगायचो, पडद्यावरची बाई तिथं कशी आली, विचारा. गिऱ्हाईक बसतं म्हणून दुकान चालतं. पोरं विचारायची, "तुमाला कसं म्हाईत?" मी म्हणायचो, गावातली केस बघितली. बघितली! केवढा सोयीचा शब्द.

शालन आता नामाकडंच असते, तिच्या स्वतःच्या सहा गाया आहेत. दर भाऊबीजेला नामाच्या शेजारी मला पाटावर बसवते, ओवाळते. म्हणते, "माज्यासाठी हात उचलनारा तू एकलाच." मी ताटात साडी ठेवतो आणि तिच्याकडं न बघता उठतो.

मागच्या महिन्यात दौंडच्या स्टँडवर वसंत भेटला. सुटून आलाय. म्हातारा झालाय, तोंडाचं बोळकं व्हायला आलंय. जवळ येऊन म्हणाला, "न्हावऱ्याला येतो एकदा. शालनबाईला सांगायचं ऱ्हायलंय मला कायतरी." आणि निघून गेला. मला त्याचा गळा धरावासा वाटला. घरी येईपर्यंत कळलं, गळा धरून भागणार नाही. त्याच्या हातात उरलंय ते एकच हत्यार, आणि ते मीच घडवून दिलंय. ते काढून घ्यायचं तर त्याच्या आधी मला बोललं पाहिजे.

म्हणजे हे सांगणंसुद्धा सूडापोटीच आहे. शालनसाठी नाही. तेही लिहून ठेवतो, उगाच कुणी मला मोठा म्हणू नये.

उद्या सकाळी दूध घालून ती दोघं घरी आली की मी त्यांच्या ओसरीपुढं जाणार आहे. ती म्हणेल, बस. मी बसणार नाही. उभ्यानंच सांगणार आहे.