मामांची चाल

सात वर्षं मी दुसऱ्याची चाल स्वतःची म्हणून मिरवली. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही. ती चाल आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मामांची होती, आणि स्तुती करायला इतका अवघड माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

मामा भंडाऱ्यात एका दुकानात पितळी भांडी उजळायचे. त्यांची तारीफ केली की ते तुमचं मनगट धरत आणि खऱ्या मानकऱ्यापुढे नेऊन उभं करत. पाण्याचा पितळी गुंड उचलून गिऱ्हाईक म्हणालं, ‘काय सुरेख गुंड!’ की निघाली वरात मागच्या भट्टीकडे. ‘याले सांगा जी. ओतला यानं, मी त फक्त पुसला.’ एकदा मंडळीच्या जेवणात पाळकसाहेबांनी त्यांच्या हातची वांग्याची भाजी नावाजली. झालं! साहेबांना भर पंगतीतून उठवून मामांनी थेट वैनगंगेच्या काठी नेलं, कारण वांगी लावणारी म्हातारी तिथे राहायची. साहेब परतले तेव्हा भाजी संपली होती. खोटी स्तुती मात्र मामांना वासावरून कळे. मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीआधी एक गृहस्थ म्हणाले, ‘मामा, तुमच्याएवढा भक्तिमान माणूस मी पाहिला नाही.’ मामा म्हणाले, ‘इतकं गोड कायले बोलून राहिला, बापा? मत पायजे त मत माग ना.’ आणि मत दिलंही.

आणीबाणीच्या आदल्या नाताळात आम्ही एक नवं गीत गायलो. शब्द माझे, चाल मामांनी भांडी घासता घासता दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, ठेक्यावर बसवलेली. चर्चचं देऊळ डोलायला लागलं. नागपूरहून आलेल्या पाहुण्या पाळकांनी भर उपासनेत विचारलं, ‘चालही तुमचीच ना, मास्तर?’ मी मान खाली घातली. पाहुणे गहिवरले. ‘बघा, आणि वर इतकी नम्रता!’ मागच्या ओळीत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या मामांनी.

मी वाट पाहिली, आज धरतील, उद्या धरतील मनगट. पण मला न्यायचं असतं तर स्वतःपाशीच आणावं लागलं असतं, आणि ती वाट मामांना ठाऊक नव्हती. चाल पवनीला गेली, तुमसरला गेली, ‘मास्तरांची चाल’ म्हणून. प्रार्थनेत डोळे मिटले की मला तीच ऐकू यायची.

त्यानंतरच्या सातव्या नाताळात मंडळीनं माझा सत्कार ठरवला. पितळी ताट उजळून मामाच घेऊन आले. मी चाचरत म्हणालो, ‘छान झालंय.’ लगेच मनगट धरलं गेलं, आणि मी नाव कोरणाऱ्यापुढे उभा. ‘मास्तर तुहं अक्षर नावाजून राहिले रे!’ मामा आनंदानं सांगत होते. ताटावर माझ्या नावाखाली कोरलं होतं : ‘चालीचे कर्ते’. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नाताळच्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे मनातलं मंडळीपुढे सांगायची, वेळ आली तेव्हा मी उठलो. ‘ही चाल मामांची आहे. मी देवाच्या घरात खोटा मान घेतला,’ म्हणालो आणि ताट वेदीजवळ ठेवलं. मग पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी तेच गीत उचललं आणि सगळी मंडळी उभी राहिली. ढोलकी अशी कडाडली, की बाहेर रस्त्यावर रिक्षा थांबल्या. मामा डावीकडे बघत, उजवीकडे बघत, ही तारीफ कोणाकडे नेऊन द्यावी ते शोधत होते. कोणी सापडेना, तेव्हा ते हळूच दारातून सटकले.

मामा आज नाहीत. पण नाताळात कुठेही ती चाल लागली की ते मला त्या दिवशीसारखे दिसतात, दाराबाहेर चपलांच्या ढिगाशी, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताना. तेव्हा मी त्यांच्यामागोमाग बाहेर जाऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो होतो.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘चोरी केली मी. मले माफ करा.’