फळ्याखाली काय आहे

अणू शिकवण्यात एक लबाडी आहे. सोमवारी शिकवलेलं बुधवारी खोटं पडतं आणि मास्तरला दोन्ही दिवशी सारखंच गंभीर तोंड करून उभं राहावं लागतं. सन साठच्या आसपास मुळशीकडच्या एका नव्या शाळेत मी आठवीपुढे हे नाटक करत होतो. आधी म्हणालो, अणू म्हणजे भरीव गोटी. मग म्हणालो, छे, तो राजगिऱ्याचा लाडू, त्यात शेंगदाण्यांसारखे इलेक्ट्रॉन रुतलेले. पोरांनी लाडवाचं चित्र मन लावून काढलं. दोन दिवसांनी मी तो लाडूही फोडला आणि सांगितलं की अणू जवळजवळ पोकळच असतो, मधे फक्त एक बारीक, कठीण केंद्र.

ही बातमी शाळा समितीच्या अध्यक्षांपर्यंत गेली. गावात सगळ्यात जास्त भातखाचरं त्यांची, आणि मला कायम करण्याचा कागदही त्यांच्याच बंडीच्या खिशात. सही झाली नाही तर पुण्याला परत जाऊन मामाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, हे माझं भविष्य.

ते वर्गात आले ते दाराशी वहाणा काढून. शाळेत वहाण घालून कुणीच शिरत नसे. खाली बसून म्हणाले, "मास्तर, लाडू खोटा व्हता, तर शिकवला कशाला? पोरांनी परीक्षेला लिवायचं काय?"

मी मुळात तापट. "तुम्हीच शोधा," म्हणालो, आणि लाकडी फळा चार विटांवर आडवा ठेवला. चहूकडून गोणपाट सोडलं, खाली गोटी जाईल एवढीच फट. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं, अध्यक्षांनाही, आणि मीही केलं. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक पोर वर्गात होती. तिला सांगितलं, हाताला लागेल ते फळ्याखाली ठेव आणि कुणाला सांगू नकोस, मलाही नाही.

मग फळा न उचलता, खाली काय आहे ते ओळखायला गोट्या सोडायला लागलो. बहुतेक सरळ पलीकडे जात. काही वाकड्या निघत. एखादी मात्र आल्या वाटेने परत येई. एका साहेबाने सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण सोडले तेव्हा त्यालाही असंच दिसलं होतं, असं मी सांगितलं. ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

अध्यक्ष गुडघ्यांवर आले होते. त्यांनी खडूने फळ्यावर चांगला ऐसपैस पाटा काढला. पुढची गोटी त्या पाट्याच्या पोटातून बिनदिक्कत पलीकडे गेली. त्यांनी बोटाला थुंकी लावून पाटा पुसला आणि अरुंद, लांबट काहीतरी काढलं.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "पुसलात तो तुमचा लाडू."

वर्ग हसला. अध्यक्ष हसले नाहीत. "उचला फळा," म्हणाले.

"नाही. अणूवरचा फळा अजून कुणी उचललेला नाही."

"तुमाला तरी ठावं हाय का, आत काय हाय?"

"नाही."

ते उठले आणि दाराकडे गेले. छापखान्याच्या शाईचा वास मला तिथे, त्या वर्गात आला, आणि स्वतःच्या जिभेचा मनापासून राग आला.

दाराशी ते थबकले. तिथे त्यांची एकच वहाण होती.

त्यांनी वहाणेकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग त्या पोरीकडे. तिने मान खाली घातली. मेंढरामागे हिंडणाऱ्या पोरीने अध्यक्षांची वहाण उचलावी, याचा गावात काय अर्थ होतो हे मला पक्कं ठाऊक होतं. आता दोघांचीही शाळा सुटणार, असं मी धरून चाललो.

अध्यक्ष परत आले. गुडघे टेकले, आपल्या चित्राच्या निमुळत्या टोकावर नेम धरून आणखी एक गोटी सोडली. ती तशीच परत आली.

"टाच ह्या अंगाला हाय व्हय गं?" त्यांनी विचारलं.

पोर बोलली नाही. तिला सांगू नकोस म्हणून बजावलेलं होतं.

त्यांनी बंडीतून तो कागद काढला, फळ्यावरच ठेवून सही केली आणि एका पायात वहाण घालून घरी गेले. फळा मात्र त्यांनी कुणाला उचलू दिला नाही.