बोरीचा कॅप्टन

मैदानात उतरण्याआधी तो वहाणा रेषेबाहेर काढायचा, मूठभर माती तळहातांवर चोळायचा आणि समोरच्या सातही गड्यांकडे बघून म्हणायचा, "या की, बसलो हाय." आता उभ्या माणसानं 'बसलो हाय' म्हणावं, याला काय म्हणायचं! पण तेवढ्यानं समोरचे गार पडायचे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बोरीच्या शाळेत नवा मास्तर. अक्षर बरं, म्हणून कबड्डीचे गुण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तो संघाचा कॅप्टन. पोटासाठी मिळेल त्या शेतात मजुरी करायचा. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून हा गडी संध्याकाळी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर!

"अहो, थकत नाही का?"

"थकतो की गुरुजी. पर पोरं वाट बघायलीत."

सोनपेठच्या सामन्यात त्यानं चार जणांना अंगावर घेऊन, ओढत ओढत मधली रेषा गाठली. एका गिरणीचा साहेब उठून थेट त्याच्याकडे आला. "पक्की नोकरी, राहायला खोली. आमच्या संघातून खेळायचं, बस्स."

"मग बोरीकडनं कोण खेळंल?"

"बोरीला ओळखतं कोण?"

"तेच तर," म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला.

मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याच्या बायकोनं त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. तिचं काय चुकलं, सांगा!

पुढं त्याचा गुडघा गेला. चढाईला गेला की परत येईना. गावाला जिंकायचं होतं, पण त्याला 'आता थांब' म्हणायचं कुणी? "तुमी मास्तर हाव, तुमचं ऐकंल," म्हणत मंडळींनी तेही माझ्यावर ढकललं. देवगाव फाट्याच्या सामन्याला जाताना एसटीत मी रस्ताभर वाक्य जुळवत होतो. या खेळापायी त्यानं नोकरी लाथाडलेली. तोच कसा काढून घ्यायचा?

सामन्याआधी कॅप्टननं टेबलाशी येऊन सात नावं सांगायची, अशी रीत. पहिलं नाव कायम त्याचं. तो लंगडत आला. मी तोंड उघडणार, तोच म्हणाला, "लिहा गुरुजी." सहा नावं सांगितली. सातवं, राखीव बसून बसून कंटाळलेल्या एका तरण्या गड्याचं.

"आणि तुमचं?" मूर्खासारखं माझ्याच तोंडून गेलं.

"सातच असतेत, गुरुजी."

मी कधी कुणाच्या पाया पडत नाही. त्या दिवशी पडावंसं वाटलं. पण तो थांबलाच नाही. गड्यांच्या पाण्याची कळशी उचलून रेषेबाहेर जाऊन उभा राहिला.