थंडीनं खाल्लेली पिंडरी

बर्फातल्या ठाण्यावरून सुटीला आलेल्या जवानाला तुम्ही आधी जेवायला वाढता, की हार घालता?

देगलूरला आमच्या गल्लीतला फौजी दोन वाक्यं बोलला की थांबून श्वास घेतो. इथं हवा भरपूर आहे, पण तिथली सवय सुटलेली नाही. परत जाण्याआधी अंग भरून यावं म्हणून तो रोज नेटानं भाकरी आणि दही घेऊन बसतो. नेमकी तेव्हाच सत्काराची जीप दारात हॉर्न वाजवते.

परवा मंचावर पुढारी गरजले, "थंडीनं पोरगं कसं पिळदार झालंय!"

त्यानं फेटा काढून ठेवला आणि पँट वर करून वाळकी पिंडरी दाखवली.

"काका, तिथं नुसतं कुडकुडण्यातच अंगातलं जळण संपतंय. हवा विरळ, भूक लागत न्हाई. मग चरबीसंगं अंग सोताचं मांसबी खातंय. ही भरून न्हाई निघाली, तर बर्फात मला कोण उचलंल? तुमी?"

पुढारी हसले. "लई बोलतोय फौजी. शाल आना रे!"

उद्या पुन्हा जीप येणार आहे. मी तिच्यापुढे उभा राहीन. तुमच्या गल्लीत ती आली, तर तुम्हीही उभे राहा. त्याचं जेवण होऊ द्या.