सपरीचं दार

माझे सासरे, आमचे मामाजी, तुमसरच्या राईस मिलांमध्ये मेकॅनिक होते. धानाच्या हंगामात एखादी मिल बंद पडली की तिथला माणूस सायकलने घरी यायचा, आणि ते जेवणाच्या ताटावरून हात धुऊन निघायचे. लग्न होऊन मी दिघोरीहून या घरात आले तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस पेपर वाचेल, चहा मागेल. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी माझ्यापुढे लोकरीचे गोळे ठेवले. म्हणाले, "सुनबाई, विणता येते का तुले?"

मला येत नव्हतं. त्यांना येत होतं. मिलच्या चौकीदाराच्या बायकोकडून ते शिकले होते. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मामाजी त्यांच्यासमोर ओट्यावर बसून निवांत बाही विणत राहायचे.

मागच्या सपरीत, म्हणजे परसात टिनं टाकून काढलेल्या पडवीत, त्यांचा सगळा पसारा होता. भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला यायच्या. तान्ह्या पोळ्याच्या आधी लहान पोरांना मिरवायला लाकडी नंदी तयार व्हायचे. त्यांच्या मानेत ते स्प्रिंग बसवायचे, म्हणजे दोरी ओढली की बैल मान हलवत चालायचा. मासे ते खात नसत, पण मासे धरायची जाळी विणायचे आणि वैनगंगेवर जाणाऱ्या कोणालाही देऊन टाकायचे. मी एकदा विचारलं, "मामाजी, एवढं सगळं कायले करता?" ते म्हणाले, "हात रिकामे राहिले का मले झोप येत नाही."

मग त्यांना लकवा आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, "चालू". मिलमध्ये आयुष्यभर ओरडलेला शब्द असावा. पाणी हवं असलं तरी चालू, राग आला तरी चालू, ऊन लागतंय म्हणून खाट सरकवायची असली तरी चालू. आवाजावरून आम्ही अर्थ लावायचो. कधी चुकीचा लावायचो. तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे.

माझा नवरा नागपूरला एका कंपनीत होता. तिथे खोली बघून झाली होती, मीही जाणार होते. ते बोलणं मागे पडलं. मामाजींना उठवायला दोन माणसं लागायची आणि सासूबाईंच्या गुडघ्यांत जोर नव्हता. हे शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. मी शिवणकामाची मशीन खिडकीपाशी लावून ब्लाऊज शिवायचे. मशीनवरून मामाजींची खाट दिसायची आणि खाटेवरून त्यांना मी दिसायचे. दिवसभर आम्ही दोघं एकमेकांची राखण करत असल्यासारखे असायचो.

काही महिन्यांनी ते पाय ओढत भिंतीला धरून चालू लागले. पहिल्यांदा गेले ते सपरीत. डाव्या हाताने करवत उचलायला गेले, ती निसटली आणि तळहात चिरला. टाके पडले. सासूबाई त्या दिवशी त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. बाजारातून कुलूप आणलं, सपरीच्या दाराला घरातून लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला बांधली.

मामाजी दारापाशी स्टूल ओढून बसायचे. "चालू," म्हणायचे. सासूबाई पोळ्या लाटत म्हणायच्या, "आता नाही. आता पुरे झालं तुमचं."

यांना मी सांगितलं, की असं कोंडून ठेवणं बरं नाही. हे म्हणाले, "आई बरोबर करून राहिली. हात कापून घेतला त्यायनं. उद्या काही झालं तर धावून कोण येईल? मी तर तिकडं असतो."  धावून येणारी मीच होते, आणि मला ते नको होतं, हेही खरं.

त्या पावसाळ्यात दुपारी घरात एक आवाज यायचा. खर्र, खर्र. मामाजी स्टुलावर बसून खाली वाकलेले असायचे आणि डावा हात फरशीवर हलत असायचा. आम्हाला वाटलं, आजारानेच हात हलतो. एक चमचा सापडत नाही म्हणून सासूबाई कामवालीवर संशय घेत होत्या.

एका दुपारी मी बटणं आणायला चौकात गेले. सासूबाईंचा डोळा लागला होता. परत आले तर खाट रिकामी, स्टूल रिकामा आणि सपरीचं दार उघडं. कुलूप कुलपाच्या जागी होतं, लागलेलंच. चौकटीवरचा कोयंडाच निघून कडीला लोंबत होता. त्याचे स्क्रू स्टुलावर ओळीने मांडलेले होते आणि शेजारी तो चमचा. दांड्याचं टोक घासून घासून पेचकसासारखं चपटं केलेलं.

मी सासूबाईंना उठवलं. आम्ही दोघी सपरीत गेलो.

मामाजी जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकून. मांडीवर एक अर्धवट नंदी होता, आजारापूर्वी सुरू केलेला. लाकूड कोरायची पटाशी पायाशी पडली होती. लाकडावर नवी एकही खूण नव्हती. एका हाताने नंदी धरला तर पटाशी कोण धरणार? इतके दिवस दाराशी झगडताना हे त्यांच्या मनात आलं नसेल का? बहुतेक आलं नसेल. त्यांचा चेहरा ओला होता. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काही मागतसुद्धा नव्हते. तो एक शब्दही नाही.

सासूबाईंनी पटाशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "खाट इकडंच आण."

"इथं? पावसाचं टिन वाजते, आई."

"वाजू दे. तिकडं तरी काय करून राहिले ते?"

आम्ही खाट सपरीत आणली. तिथे त्यांना एका हाताने जमणारं एकच काम सापडलं, उघडणं. घट्ट बसलेलं काहीही ते मांडीखाली दाबून उघडायचे. पंखा, पेटी, जुना रेडिओ. एक दिवस माझी मशीनसुद्धा. सगळे भाग परातीत ओळीने लावायचे आणि थांबायचे. जोडणं त्यांना जमत नव्हतं. मी चिडले. "मामाजी, उद्या गिऱ्हाईक येईल, मले शिवाचं आहे." त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. शेवटी मीच बसले जोडायला. चुकीचा भाग उचलला की ते घशातून हुंकार द्यायचे, बरोबर उचलला की गप्प. संध्याकाळी मशीन चालली. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती पुन्हा उघडली.

असं दोन वर्षं चाललं. त्यांना बरं वाटायचं असं मी म्हणणार नाही. टिनाकडे बघत पडलेले असायचे तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नसे. पण दार लावलं नाही कोणी.

धान कापणीच्या दिवसांत ते गेले, दुपारीच, झोपेत. तेरावं झाल्यावर हे म्हणाले, "आता चल नागपूरला. आईलाही घेऊन जाऊ." सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. त्या माझ्यापाशी येऊन बसल्या, ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि खडे वेचता वेचता विचारलं, "तू जाशील ना?"

"पाहू," मी म्हटलं.

हे अजूनही शनिवारी येतात.