सोवळ्यातली शेगडी

विजेला सोवळं पाळायला लावणारी बाई साऱ्या नगर जिल्ह्यात एकच झाली, आणि ती माझी थोरली जाऊ होती. जाऊबाईंच्या सोवळ्याचा धाक घरातल्या माणसांनाच काय, मांजरालाही होता. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय आवरून बसायचं आणि दूध बाहेर येण्याची वाट बघायचं. चुकून कुणाचा पदर लागला, की जाऊबाई चकार शब्द न बोलता न्हाणीघरात जात, ओलेत्याने परत येत आणि जिथे हातातलं काम सोडलं तिथून पुढे सुरू करीत. पौषातल्या सकाळी नगरची थंडी काय असते ते ज्याला ठाऊक आहे, त्याने त्या ओल्या लुगड्याचा विचार करून पाहावा. त्या कधी कुडकुडल्याचं मी पाहिलं नाही. घरात नवी नवी वीज आली तेव्हा दिव्याच्या बटणाला सतरा लोकांचे हात लागतात म्हणून, सोवळ्याची वस्त्रं वाळत घालायच्या काठीने त्या ते बटण दाबू लागल्या. वायरमन ते बघून थक्क झाला होता. "बाई, वाळल्या लाकडानं दाबायचं तुमाला कुनी शिकवलं? आमाला त्ये शिकाया मार खावा लागला," असं तो म्हणाला. मी नवी नवरी होते. हसू दाबायला मला माजघरात पळावं लागलं.

लढाई संपली त्या हिवाळ्यात मी माहेरी जायच्या आधीच, आठव्या महिन्यात, बाळंत झाले. मुलगी इतकी लहान होती की तिला उचलायची माझी मलाच भीती वाटे. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "हिला ऊब हवी, आणि धूर मुळीच नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणार असाल तर मला बोलावू नका." बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी हवीच, एवढं एकच आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा विटाळ होऊ नये म्हणून दाराबाहेर अंग चोरून उभ्या असलेल्या जाऊबाईंनी विचारलं, "विजेची चालेल का?"

खरेदीला त्या स्वतः गेल्या. बरोबर गेलेले थोरले भावजी परत आले ते एखादी लग्नाची बोलणी पार पाडून आल्यासारखे दमून. दुकानदाराने पुढे केलेली नाजूक, नक्षीच्या पायांची शेगडी जाऊबाईंनी जमिनीवर ठेवून पायाच्या अंगठ्याने जराशी ढकलली. ती डुगडुगली. ही पडली तर काय होतं, असं त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "पडू द्यायची नाही, बाई." यावर जाऊबाई म्हणाल्या, "आमच्याकडे मांजर आहे. त्याला सांगायला तुम्ही याल का?" मग त्यांनी दुसरी मागवली, रुंद बुडाची, दिसायला ओबडधोबड. तिच्या जाळीतून हातातली बांगडी आत जाते का ते पाहिलं, वायरवरून वाती वळाव्यात तशी बोटं फिरवली, आणि दुकानातच ती पेटवून तारा लाल होईपर्यंत तिच्यासमोर बसून वास घेतला. भावजी म्हणत, "हिला पाहायला गेलो होतो तेव्हा हिने माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नव्हतं."

शेगडी घरी आली आणि सोवळ्यात गेली. वायरमनला दिव्याच्याच तारेवरून काम भागवायचं होतं. जाऊबाईंनी त्याला बजावलं, "दिवा पितो पेलाभर, ही पिणार घागरभर. हिला वेगळी जाड वायर आण, आणि त्या वायरीवर दुसरं काही जेवायला बसवू नकोस." शेगडीभोवती हातभर अंतर सोडून त्यांनी रांगोळीची रेघ ओढली. रेघेच्या आत दुपटं, पदर, गोधडी, काही जायचं नाही. शेगडीवर लंगोट वाळत घालायचे नाहीत. खिडकी बोटभर उघडी. शेगडी चालू असताना खोलीत कुणीतरी जागं हवंच. आणि सगळ्यात कडक नियम हा, की ओल्या हाताने किंवा ओलेत्याने तिच्याजवळ फिरकायचं नाही. आम्ही त्या रेघेला देव्हाऱ्याइतके भिऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ राहणारी सुईण तापाने पडली. मला उठून बसवत नव्हतं, आणि शेगडीपाशी जाणतं माणूस हवं होतं. जाऊबाई दाराशी आल्या आणि थांबल्या. त्यांची अडचण मला बाजेवरूनही कळली. बाळंतिणीला शिवलं की अंघोळ करायची हा एक नियम, आणि ओलेत्याने शेगडीजवळ यायचं नाही हा दुसरा. दोन्ही त्यांचेच होते, आणि दोन्ही एकदम पाळता येत नव्हते. मग लुगड्याचा ओचा नीट खोचून आत आल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. दहा दिवसांनी सोयेर फिटलं, घरातल्या सगळ्यांची पूजाअर्चा पुन्हा सुरू झाली, तरी त्या देवघरात गेल्या नाहीत. ज्यांच्या हातावाचून आमच्या देवांना कधी फूल मिळालं नव्हतं, त्या जाऊबाई सव्वा महिना माझ्याशेजारी बसून राहिल्या.

ताप बघावा तसा हाताच्या पाठीने त्या येता-जाता प्लग बघायच्या. एके दिवशी सकाळीच तो त्यांना कढत लागला. त्यांनी काठीने बटण बंद केलं आणि वायरमनला निरोप धाडला. खोली गार पडू लागली. मुलीचे ओठ निळसर दिसले आणि माझा धीर सुटला. मी रडू लागले. "रडून खोली तापत नाही," असं म्हणून जाऊबाईंनी मुलीची दुपटी सोडली, तिला उघडीच आपल्या छातीशी धरली आणि वरून लुगडं, धाबळी, घोंगडी सगळं लपेटून घेतलं. मुलीला पाजायला काय ती माझ्याजवळ देत आणि लगेच परत घेत. ज्या बाईला माझा पदर लागलेला चालत नव्हता, तिच्या अंगावर माझी मुलगी दिवसभर शी-शू करीत राहिली. संध्याकाळी वायरमन नवा प्लग बसवून म्हणाला, "बरं झालं वक्ताला बंद केली. आतली तार ढिली हुती, जळलीच आसती." जाऊबाईंनी मान हलवली. मुलीचे ओठ लाल झाले होते आणि त्या माझ्याकडे न बघता तेच बघत होत्या.

सव्वा महिन्याने त्या न्हाल्या आणि ओलेत्याने देवघरात गेल्या. मी दाराआड होते. खूप मंत्र होतील, क्षमा मागितली जाईल, असं मला वाटलं होतं. त्या दिवा लावून म्हणाल्या, "उशीर झाला. घरात लहान होतं." आणि गंध उगाळायला बसल्या.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पोटी मूल नव्हतं, आणि ते दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ती शेगडी केव्हाच निकामी झाली. हल्ली थंडीत मुलगी मला भेटायला येते आणि तिने आणलेला नवा हीटर लावून देते. दुकानातल्या माणसाने सांगितलंय, हा पडला तर आपोआप बंद होतो, असं ती म्हणते. तरी लावायच्या आधी ती खाली बसते आणि हातभर अंतर सोडून रांगोळीची रेघ ओढते. मी तिला कधी शिकवलं नाही. तिचं ते वाकणं बघताना मला जाऊबाईंची फार आठवण येते.