ओलीचं माप

शिंपीणबाईंच्या भाड्याच्या खोलीत ओल आली, तेव्हा घरमालक म्हणाले, "बोटभर तर डाग आहे!" बाईंचं डोकंच फिरलं. वीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं. दर महिन्याला भिंतीला खाकी कागद लावून त्या डागाचं जसंच्या तसं, त्याच मापाचं कटिंग बेतू लागल्या, वर तारीख टाकून. मग त्यांनी भाडे-अधिकाऱ्यांकडे तक्रार केली आणि सुनावणीआधी या कागदांचा दुसरा संच मालकांनाही नेऊन दिला.

"त्याच्या हातात आयतं कोलीत देतेस?" थोरल्या जाऊबाई कडाडल्या.

"माप लपवून कधी कपडा शिवता येतो का, ताई?"

मालकांनी लगोलग भिंत रंगवली.

"डाग आहेच कुठे?" सुनावणीत त्यांनी विचारलं.

बाईंनी शेवटचा कागद उलगडला. तो टेबलावर मावेना. एक टोक अधिकाऱ्यांनी धरलं, दुसरं मालकांनाच धरावं लागलं.